हसताना तोंडावर हात

पांढरकवड्याच्या पुढे, आदिलाबादच्या वाटेवरच्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात लग्नाला गेलो होतो. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे फोटोग्राफर खास नागपूरहून आणलेला. नवरीच्या मैत्रिणींचा घोळका स्टेजवर उभा करून तो सारखा ओरडत होता, "ताई, हसा ना! अजून हसा!" आणि दर वेळी, तो बटण दाबणार एवढ्यात, दहा-बारा हात एकदम वर जायचे. ओढणी, पदर, मेंदीचा पंजा, जे हाताशी असेल त्याने तोंड झाकले जायचे. शेवटी बिचारा वैतागला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकला. "फार लाजाळू माणसं आहेत हो तुमच्याकडची," म्हणाला.

एके काळी मीही त्याला हो म्हटले असते. १९८६ ते ८९ अशी तीन वर्षे मी याच भागात बँकेचा शेती अधिकारी म्हणून मोटारसायकलवर फिरलो. केळापूर, घाटंजी, झरी-जामणीकडची गावे. बायाबापड्या, शाळकरी पोरे, अगदी मिसरूड फुटलेले गडीसुद्धा हसताना ओठांवर हात ठेवायचे. मला ते फार गोड वाटायचे. पुढे एका कादंबरीत मी त्या हाताचे वर्णनही केले. खेड्यातला संकोच, मातीतली मर्यादा वगैरे. एका समीक्षकाने नेमका तोच परिच्छेद उचलून धरला होता. आज तो वाचवत नाही. कारण त्या हातामागे मर्यादा नव्हती, दात होते. पिवळे, तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे, कुठे खडूसारखे पांढरे तर कुठे खड्डे पडलेले दात. मी तीन वर्षे त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो आणि मला ते दिसले नव्हते.

या दुखण्याचे नाव दंतफ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले की होते. आता फ्लोराइड म्हटले की वाचकांना टूथपेस्टची जाहिरात आठवेल. तेही खरेच आहे. अगदी थोड्या प्रमाणात फ्लोराइड दात किडू देत नाही. पण प्रमाण वाढले की तेच दातावर उलटते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दीडच आहे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कितीतरी बोअर आणि हापशींचे पाणी ही मर्यादा ओलांडते. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवरचा शोधनिबंध २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये छापूनही आला आहे. म्हणजे हे काही गुपित नाही.

हा रोग दात आल्यावर होत नाही, येण्यापूर्वी होतो. पुढचे कायमचे दात हिरडीतून वर येतात सहाव्या-सातव्या वर्षी. पण ते घडतात जन्मापासूनच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, जबड्याच्या आत, कोणाला न दिसता. त्या काळात पोटात जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जादा असेल तर दातावरचे कवच, ज्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात, ते घट्ट न बनता भुसभुशीत बनते. दात वर येतो तेव्हा खडूसारखा पांढुरका दिसतो. मग चहा, हळद, तिखट यांचे रंग त्या भुसभुशीत कवचात मुरत जातात आणि तो तपकिरी होतो. आठ वर्षांच्या पुढे गावात आलेल्या माणसाच्या दाताला हे होत नाही. म्हणून तर गावात बदलून आलेले मास्तर आणि मास्तरीणबाई पांढऱ्या दातांचे, आणि वर्गातली पोरे पिवळ्या दातांची. मग मास्तर पोरांना काय सांगणार? "दात घासत नाही रे तुम्ही." किती पिढ्यांनी हा शेरा ऐकला असेल! राखुंडी, काळे मंजन, बाभळीची काडी, शेवटी विटेचा चुरा, सगळे घासून झाले. डाग वर लागलेला नसतोच, तो दाताच्या घडणीत असतो. तो घासून जात नाही.

ओळखायचा कसा? फ्लोरोसिसचे डाग जोडीने असतात. डावीकडच्या दातावर जशी पट्टी, तशीच उजवीकडच्या जोडीदारावर. दाताच्या आडव्या दिशेने. खर्ऱ्याचा डाग वेगळा. तो हिरडीच्या कडेला, दाताच्या फटींत साचतो आणि दंतवैद्याने मशीनने साफ केला की निघतो. खर्ऱ्याविषयी या लेखात मी फार लिहिणार नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा आणि स्वतंत्र संतापाचा विषय आहे. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, आणि सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली प्लास्टिकची पुडी आजही चौकाचौकात मिळते. ती खाऊन ज्याचे तोंड दोन बोटेही उघडेनासे झाले आहे, त्याच्या दाताच्या रंगाची चर्चा करण्यात अर्थ नाही. त्याने आधी तोंड दाखवायला जावे.

तर मूळ विषय. त्या लग्नात मला भेटले माझे जुने खातेदार. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण बोलण्यात खणखणीत. १९८७ साली त्यांना विंधन विहिरीचे आणि मोटरपंपाचे कर्ज मी दिले होते. ते त्यांनी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडले, म्हणून आमचा स्नेह टिकला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, नातीनं एक कागद आनला नागपूरवरून. तुमी पायता काय जरा? तुमाले समजते हे कोटेशन-बिटेशन."

नात तेवीस वर्षांची. नर्सिंग शिकून नागपुरात एका दवाखान्यात लागलेली. मला ती लहानपणापासून 'साहेबआजोबा' म्हणते. तिने पर्समधून कागद काढला. एका दंतचिकित्सालयाचे कोटेशन होते : वरच्या सहा पुढच्या दातांना पोर्सलिनचे व्हिनिअर, दर दाती बारा हजार, एकूण बहात्तर हजार रुपये. खाली बारीक अक्षरात, हप्त्यांची सोय उपलब्ध.

"आजोबा म्हणतात, बहात्तर हजारात एक चांगला बैल येतो," ती म्हणाली. हे सांगतानाही तिचा हात ओठांवर होता.

मी हिशेबाचा माणूस. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे हे सहा दात साडेनऊ क्विंटल कापसाचे. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर दोन एकरांचे अख्खे पीक, बियाणे-फवारणी-वेचाईचा खर्च न धरता. एवढा पैसा सहा दातांच्या दर्शनी बाजूवर लावायचा की नाही, हे ठरवण्यापूर्वी ती वस्तू काय आहे ते समजून घेणे भाग होते. कर्जप्रकरणात मी नेहमी तेच करत आलो. पुढचे दोन महिने मी दोन ओळखीच्या दंतवैद्यांचा जीव खाल्ला, त्यांनी दिलेली पुस्तके चाळली. त्यातून जे कळले ते इथे मांडतो, कारण हे कोटेशन घेऊन फिरणारी ती एकटी मुलगी नाही.

व्हिनिअर हा शब्द आपल्याला सुताराकडून माहीत आहे. यवतमाळ जिल्हा सागवानाचा. पण आता अख्ख्या सागवानाचे कपाट कोणाला परवडते? प्लायवूडवर सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवतात आणि कपाट सागवानी दिसू लागते. दाताचे व्हिनिअर तेच. चिनी मातीच्या जातीचा, दाताच्या रंगाचा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या नखाएवढा पापुद्रा दाताच्या दर्शनी बाजूला कायमचा चिकटवायचा. कवळी नव्हे, टोपीही नव्हे. कॅप दाताला चारी बाजूंनी झाकते, व्हिनिअर फक्त समोरून.

याचा जन्म सिनेमातला. १९२८च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाचा दंतवैद्य होता. हॉलीवूडच्या नटनट्यांचे दात कॅमेऱ्यापुढे नीट दिसावेत म्हणून त्याने पातळ पापुद्रे बनवले. कवळी चिकटवायच्या भुकटीने ते तेवढ्यापुरते लावायचे, शॉट संपला की काढायचे. ते लावून जेवता येत नसे. नटाचे हसू शब्दशः उसने होते! पापुद्रा दातावर टिकेना, ही खरी अडचण होती. ती सुटायला पंचवीस-तीस वर्षे लागली. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने दाखवले की इनॅमलवर फॉस्फरिक ॲसिड थोडा वेळ लावले तर पृष्ठभाग बारीक खरखरीत होतो आणि मग त्यावर राळेसारखे रसायन घट्ट धरते. पत्र्याला रंग धरावा म्हणून कारखान्यात आधी ॲसिड लावतात, त्यावरूनच त्याला हे सुचले. दाताची बाजू झाली; पोर्सलिनची बाजू खरखरीत करायची युक्ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली. त्यासाठी लागते हायड्रोफ्लोरिक ॲसिड. म्हणजे पुन्हा फ्लोरिनच! ज्याने आमच्या पोरीचे दात बिघडवले, त्याच्याच भावकीतले एक ॲसिड तिच्या नव्या दाताला चिकटायला मदत करणार. ही माहिती कळली तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसलो.

पापुद्रा बसवण्यापूर्वी दाताची समोरची बाजू तेवढीच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, घासून उतरवावी लागते. नाहीतर दात पुढे आलेले, जाडे दिसतात. काही दातांत न घासता किंवा अगदी नाममात्र घासून भागते. पण डाग गडद तपकिरी असला तर तो आतून दिसू नये म्हणून पापुद्रा जरा जाड, अपारदर्शक लागतो आणि घासणे वाढते. मग माप घेतात, ते प्रयोगशाळेत जाते, तोवर तात्पुरते आवरण असते. पापुद्रे तयार होऊन आले की रंग, आकार पाहून, पसंत पडल्यावर चिकटवतात. चिकटवण्यापूर्वी पसंत करायचे, नंतर बदल नाही. फ्लोरोसिसच्या दातावर ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ लावावे लागते, कारण जादा फ्लोराइडचे इनॅमल ॲसिडला दाद देत नाही. अशा दातांवर काम केलेला डॉक्टर आहे का, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

घासलेले इनॅमल परत येत नाही. केस वाढतात, नख वाढते, मोडलेले हाड जुळते. इनॅमल एकदा गेले ते गेले. आज व्हिनिअर लावले आणि पाच वर्षांनी वाटले की नको, तर मूळ दाताकडे परतीची वाट नाही. त्यावर काहीतरी आवरण कायम ठेवावेच लागते. जाहिरातीत ही गोष्ट सहसा नसते. नातीच्या कोटेशनातही नव्हती.

दुसरी गोष्ट आयुष्याची. पोर्सलिनचे व्हिनिअर नीट राखले तर दहा ते पंधरा वर्षे जाते. काहींचे वीस वर्षेही टिकते, काहींचे पाचव्या वर्षी निखळते. बँकेत आम्ही ट्रॅक्टरला सुद्धा घसारा लावत होतो. दाताला का लावू नये? तेविसाव्या वर्षी लावलेले व्हिनिअर बारा वर्षांच्या हिशेबाने पस्तिशीत, सत्तेचाळिशीत आणि एकोणसाठाव्या वर्षी बदलावे लागणार. म्हणजे कोटेशन बहात्तर हजारांचे नसून आयुष्यभराच्या देखभालीच्या कराराचे आहे, आणि पुढचे हप्ते त्या वेळच्या भावाने. आरोग्य विमा असल्या कामाला सहसा पैसे देत नाही. शिवाय सुपारी फोडणे, दाताने दोरा तोडणे, भुईमुगाच्या शेंगा दाताने सोलणे बंद. झोपेत दात खाणाऱ्याचे व्हिनिअर तडकते. हिरड्या सुजलेल्या असतील, कीड असेल, तर आधी ते दुरुस्त झाले पाहिजे. सोळा वर्षांच्या पोरापोरींनी तर थांबावेच, त्यांच्या दातातला मज्जेचा भाग अजून मोठा असतो आणि हिरडीही ठरायची असते.

हे सगळे मी नातीला फोनवर सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "साहेबआजोबा, तुम्ही मला करू नको म्हणता का?"

माझी पंचाईत झाली ती इथे. कारण मला तसे म्हणायचे नव्हते.

आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, हे सगळे नखरे आहेत. देवाने दिले तसे दात ठेवावे, मन सुंदर असले की झाले. ही माणसे बहुधा पांढऱ्या दातांची असतात. आणि देवाचे नाव यात घेऊ नये, हे दात देवाने दिलेले नाहीत, ते पाण्याने दिले आहेत. शिवाय दाताचे सौंदर्य हा काही आजचा चाळा नाही. आमची आजी दातवण लावायची. हिरडा, लोहकीस असल्या वस्तूंची ती पूड असे. त्या पिढीच्या कितीतरी घरांत सवाष्णीचे दात काळेभोर असणे हीच शोभा होती. पांढऱ्या दातांची बाई त्यांना उघडी-बोडकी वाटायची. तेव्हा पांढराच दात सुंदर, हा कायदा शाश्वत नाही. पण ज्या काळात जी मुलगी जगते, त्या काळाच्या डोळ्यांनीच तिच्याकडे पाहिले जाते, आणि ती स्वतःकडेही त्याच डोळ्यांनी पाहते. तिने आजीच्या काळात जन्म घ्यायला हवा होता, असे आपण तिला सांगू शकत नाही.

दुसरी माणसे पॉवरपॉइंट दाखवणारी. 'स्माइल डिझाइन', 'दोन भेटींत नवे तुम्ही'. यांना माझा आक्षेप एवढाच की, ते सगळ्यांत महाग वस्तू पहिल्यांदा दाखवतात. पातळ्या आहेत ना मधल्या! डाग सौम्य असेल तर सौम्य ॲसिड आणि प्युमिस दगडाच्या भुकटीने वरचा अगदी बारीक थर घासून काढता येतो. त्याला मायक्रोॲब्रेजन म्हणतात. जोडीला ब्लीचिंग. ब्लीचिंगने पांढरे ठिपके सुरुवातीला आणखी उठून दिसतात, घाबरू नये. याने भागले नाही तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, डॉक्टर एका बैठकीत हाताने दातावर चढवतो. ते पोर्सलिनपेक्षा बरेच स्वस्त, पाचसात वर्षे टिकणारे, थोडे लवकर रंग धरणारे. पण त्यात दात फारसा घासावा लागत नाही आणि तुटले तर तिथेच दुरुस्त होते. आणि हे सगळे करूनही खड्डे पडलेले, गडद दात उरले, तर पोर्सलिन आहेच. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त लागतो, रांग असते, विद्यार्थी काम करतात आणि त्यांचे सर मागे उभे असतात. मला तो 'मागे उभा असलेला सर' हा प्रकार फार विश्वासाचा वाटतो.

नातीला मी म्हणालो, "कर. पण पायरीपायरीने कर, आणि डॉक्टरला विचार की यातली कोणती पायरी मागे घेता येते."

मग ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हते. वर्ध्याकडचे एक स्थळ आले होते. मुलाला मुलगी पसंत. त्याच्या आईने मात्र मध्यस्थाकरवी विचारणा केली की, हे दात खानदानी आहेत का, पुढे लेकरांना होतील का? म्हाताऱ्यांच्या जिव्हारी लागले होते ते हेच. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला बाजूला का घेतले ते मला आता कळले. त्यांना बहात्तर हजारांची तितकीशी काळजी नव्हती.

म्हणून हे ठळक लिहितो. दंतफ्लोरोसिस आनुवंशिक नाही. संसर्गजन्य नाही. या मुलीचे बाळ दुसऱ्या पाण्यावर वाढले तर त्याचे दात शेजाऱ्याच्या पोरासारखेच पांढरे येतील. अमेरिकेत हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला आणि गावकऱ्यांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. लोक कारणे सांगत : डुकराचे मांस जास्त खातात, दूध वाईट आहे. त्याने तीस वर्षे माग काढला. आयडाहो राज्यात ओकली नावाच्या लहान गावातल्या आयांनी त्याला सांगितले की, गावाला नव्या झऱ्याची पाइपलाइन आली तेव्हापासून पोरांचे दात असे येताहेत. मॅकेने ती पाइपलाइन बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यायला सांगितले. तेव्हा त्याला फ्लोराइडचे नावही ठाऊक नव्हते! काही वर्षांत नव्या पोरांचे दात स्वच्छ येऊ लागले. पाण्यात नेमके काय आहे ते १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधले. आपल्या देशातही १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोर भागात, हा रोग नोंदला गेला.

१९३७! मी ते साल दोनदा वाचले. मी १९८७ साली या म्हाताऱ्यांच्या बोअरच्या कागदावर सही केली, त्याच्या पन्नास वर्षे आधी.

त्या कागदाचा नमुना मला आजही पाठ आहे. खोली किती फूट, केसिंग किती, पाणी तासाला किती गॅलन, पंप किती अश्वशक्तीचा, सातबाऱ्यावर बोजा चढवला का. पाणी लागले की नाही, हा रकाना होता. पाण्यात काय आहे, हा रकाना नव्हता. मी एकट्याच्या सहीने अशी कितीतरी प्रकरणे मंजूर केली आणि उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल शाबासकी घेतली. आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. १९७२चा दुष्काळ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. उघड्या विहिरीच्या आणि पायविहिरीच्या पाण्याने नारू व्हायचा, पायातून हातभर लांबीचा किडा निघताना मी पाहिला आहे. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि त्या विजयात बोअरचा, हापशीचा वाटा मोठा आहे. जमिनीच्या पोटातले पाणी ते शुद्धच, अशी आमची श्रद्धा होती. जंतूंच्या बाबतीत ती बरीचशी खरीही होती. पण खोल खडकात जास्त काळ मुरलेले पाणी खडकातले क्षारही उचलते, आणि उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त सापडते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणाला विचारले नाही. ते बोअर त्यांच्या घराला लागूनच्या वावरात. कापसाला पाणी आणि घराला पाणी त्यातूनच. नात त्या पाण्यावर वाढली.

आणि दात हा तर फक्त दिसणारा भाग. तेच पाणी वर्षानुवर्षे पीत राहिलेल्यांची हाडे धरतात, मान वळत नाही, हनुवटी छातीला लागत नाही, वाकून पायाची बोटे धरता येत नाहीत. मूत्रपिंड अधू असेल तर फ्लोराइड बाहेर पडत नाही, साठत जाते. यावर कुठले व्हिनिअर नाही. दातांवरून ओळखून वेळीच पाणी बदलले तर ही पुढची पायरी टळते. गावाच्या शाळेतला पहिली-दुसरीचा वर्ग हीच त्या गावाच्या पाण्याची प्रयोगशाळा आहे. पोरांना नुसते 'हसा' म्हणायचे आणि पाहायचे.

नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७०च्या दशकातच तुरटी आणि चुना ठरावीक मापाने घालून फ्लोराइड काढण्याची पद्धत शोधली. नाव मात्र पडले तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्याचे. आपल्या शेजारच्या शहरात शोध लागला आणि आपल्या जिल्ह्यातली पोरे तोंडावर हात ठेवून हसत राहिली. जादा फ्लोराइडच्या हापशीवर लाल रंग मारतात, तेही मी पाहिले. आणि नळयोजनेचे वीजबिल थकले की त्याच लाल हापशीवर लागलेली रांगही पाहिली. त्या बायांना लाल रंगाचा अर्थ ठाऊक असतो. दुसरे पाणी नसते. २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर झाले, गावोगाव नळ पोचले. त्या नळाच्या उगमाशी धरण आहे की पुन्हा तसलेच बोअर, हे ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून दाट होते. घरच्या घरी तुरटी फिरवूनही भागत नाही. आरओने जाते, पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतेच. आहारात दूध, आवळा, आपली पावसाळ्यातली तरोट्याची भाजी असावी; कोरा चहा, काळे मीठ आणि सुपारी कमी करावी.

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. जाताना दोन स्वच्छ बाटल्या नेल्या. एक त्यांच्या बोअरच्या पाण्याने भरली, दुसरी गावच्या जुन्या दगडी विहिरीच्या. यवतमाळला भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिल्या. बोअरचे निघाले लिटरला ३.१ मिलिग्रॅम, विहिरीचे ०.८. अहवाल घेऊन परत गेलो आणि त्याची एक प्रत वर्ध्याच्या त्या घरी पाठवायला दिली, सोबत माझे पत्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर इतके मुद्देसूद पत्र मी लिहिले नव्हते. उत्तर अजून आलेले नाही. नातीने मात्र दिवाळीच्या सुटीत दंत महाविद्यालयात नाव नोंदवले आहे. आधी दोन दातांवर मायक्रोॲब्रेजन करून पाहायचे, मग पुढचे. "स्थळासाठी नाही हं," ती म्हणाली, "वॉर्डात पेशंटशी बोलताना मला मास्क काढता आला पाहिजे."

ओसरीवर म्हाताऱ्यांनी अहवाल दोनदा उलटसुलट पाहिला. त्यांच्या मांडीवर पणतू होता, दोन वर्षांचा. दुधाचे सगळे दात दाखवून हसत होता. त्याचे पुढचे दात या घटकेला आत घडत होते.

"सायेब," ते म्हणाले, "मंग हे पानी वावरात चालते ना?"

"वावरात चालते," मी म्हणालो.

त्यांनी सुनेला हाक मारली आणि पोराचा पेला त्या जुन्या विहिरीच्या पाण्याच्या मडक्यापाशी ठेवायला सांगितला. विहिरीला जाळी बसवायला आणि दर आठवड्याला जंतुनाशक टाकायला किती खर्च येईल, याचा हिशेब मग आम्ही दोघे वहीच्या मागच्या पानावर मांडत बसलो.